आउटलेट मॉलसाठी वाट वाकडी करावी का?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांच्या मुक्कामाचा आराखडा आता जवळजवळ ठरून गेला आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन, नायगारा, सवड असल्यास ऑरलँडो, आणि मुक्काम न्यू जर्सीत असेल तर ब्रिजवॉटरचे व्यंकटेश्वर मंदिर. परतीची तारीख जवळ आली, की या यादीत आणखी एका स्थळाची भर पडते. एक अख्खा शनिवार राखून ठेवला जातो, सकाळीच पोळीभाजीचा डबा घेऊन सगळे घर मोटारीत बसते आणि गाडी आउटलेट मॉलच्या दिशेने निघते. भाच्यांसाठी टी-शर्ट, शेजाऱ्यांसाठी परफ्युम, सुनेच्या आईसाठी पर्स, स्वतःसाठी बूट. नामांकित कंपन्यांचा माल निम्म्या किमतीत मिळतो, ही ख्याती या मॉलने कमावली आहे.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरचाही असा एक शनिवार झाला. एडिसनला राहणाऱ्या बहिणीकडे आईवडिलांसह मुक्काम होता. भावजींनी गाडी काढली, साठ-पासष्ट मैल उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातील वुडबरी कॉमनला गेलो, वाहनतळावर जागा शोधण्यात पाऊण तास घालवला आणि रात्री नऊला घरी परतलो. वडिलांनी दिवसाचा मोठा भाग एका बाकावर बसून काढला. पिशव्या सात-आठ भरल्या. दुसऱ्या दिवशी भावजींनी सहज कुतूहल म्हणून त्यातल्या दोन वस्तू कंपनीच्या आउटलेट संकेतस्थळावर शोधल्या. त्या तिथे त्याच किमतीला होत्या आणि घरपोच मिळणार होत्या. आई एवढेच म्हणाली, ''अहो, मग आपण काल कशाला गेलो होतो?''

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ते देण्यासाठी आउटलेट मॉल ही चीज मुळात काय आहे आणि ती गावापासून इतक्या लांब का असते, हे समजून घ्यावे लागते.

कारखान्याच्या दारातली विक्री आपल्याकडे नवी नाही. मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा कटपीस आणि किरकोळ दोषाचे कापड स्वस्तात मिळत असे. निर्यातीतून उरलेला किंवा नाकारलेला माल मुंबईच्या आणि पुण्याच्या फॅशन स्ट्रीटने वर्षानुवर्षे विकला. शिर्डीला दर्शनाला गेलेली मंडळी तीसेक किलोमीटर पुढे येवल्याला जाऊन विणकराकडून पैठणी घेतात, त्यामागची भावनाही तीच असते. माल जिथे तयार होतो तिथे मधला दलाल नसतो, म्हणून भाव उतरतो, ही ती भावना. अमेरिकेतील फॅक्टरी आउटलेटचा उगमही असाच झाला. कारखान्यात उरलेला, शिलाई चुकलेला माल आधी कामगारांना आणि मग बाहेरच्यांनाही विकला जाऊ लागला. पेनसिल्व्हानियातील रेडिंग या गिरणगावाजवळ व्हॅनिटी फेअर कंपनीने १९७० मध्ये मोज्यांच्या जुन्या गिरणीत असे दुकान थाटले आणि पुढे हे गाव आउटलेटची राजधानी म्हणून मिरवू लागले. लोक बसगाड्या भरून तिथे येत.

मात्र येवल्यात माग डोळ्यांसमोर असतो. आजच्या आउटलेट मॉलमध्ये कारखान्याचा मागमूसही नसतो. वुडबरी कॉमन १९८५ मध्ये सुरू झाले. मॅनहॅटनपासून सुमारे ५० मैलांवर, डोंगरांच्या कुशीत, एखाद्या टुमदार खेड्यासारखी रचना असलेल्या या उघड्या बाजारात आज अडीचशेच्या आसपास दुकाने आहेत. सायमन प्रॉपर्टी ग्रुप ही अमेरिकेतील बलाढ्य मॉल कंपनी तो चालवते. आसपास यातल्या कोणत्याही कंपनीचा कारखाना नाही. 'फॅक्टरी' हा शब्द पाटीवर उरला आहे, एवढेच.

मग इतक्या लांब कशासाठी? जमीन स्वस्त, हे एक कारण झाले. दुसरे कारण व्यापारी संबंधांचे आहे. शहरातल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एखादी पर्स पूर्ण किमतीला विकली जात असताना तीच कंपनी शेजारच्या चौकात स्वस्त दुकान उघडू लागली, तर तो दुकानदार चिडणारच. म्हणून कंपन्यांनी सुरुवातीपासून आपली आउटलेट दुकाने शहरातील दुकानांपासून अंतर राखून थाटली. तिसरे कारण सर्वांत रंजक आहे. हे अंतर चाळणीचे काम करते. ज्याच्या लेखी वेळ पैशाहून महाग, तो शहरातच पूर्ण किंमत मोजतो. ज्याला दिवस मोडणे परवडते, तो साठ मैल जाऊन कमी किंमत देतो. कंपनीला दोन्ही गिऱ्हाइके मिळतात आणि शहरातला भाव पाडावा लागत नाही. शिवाय इतके अंतर तोडून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. 'इतक्या लांब आलोच आहोत तर' हे वाक्य त्या मॉलच्या आवारात मराठीसह बहुधा जगातल्या सर्व भाषांत ऐकू येत असेल.

या चाळणीत प्रवासी मात्र चुकीच्या बाजूला पडतो. स्थानिक रहिवाशाचा शनिवार फुकटचा असेल, पाहुण्याचा नसतो. समजा, दोघांच्या सहा दिवसांच्या लंडन सहलीला पाच लाख रुपये लागले. म्हणजे एका दिवसाची किंमत ८३ हजार रुपयांच्या वर गेली. त्यातला एक दिवस दुकानांत घालवून दहा-पंधरा हजार वाचवले, तर तो व्यवहार कोणत्या वहीत लिहायचा? मुलाकडे दोन महिने राहणाऱ्या आईवडिलांच्या दिवसाचा भाव एवढा चढा नसतो, हे खरे. पण गाडी चालवणाऱ्या मुलाला आठवड्यात मोकळे दिवस दोनच मिळतात आणि त्यातला एक या वारीत जातो. हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही.

चिठ्ठीवरची किंमत

आउटलेटमधील वस्तूच्या चिठ्ठीवर साधारणतः दोन किमती असतात. वरची मोठी, बहुधा काट मारलेली; खालची लहान. दोहोंतील फरक हीच आपली बचत, असे गिऱ्हाईक मानते. सगळा प्रश्न या वरच्या किमतीचा आहे.

आउटलेट दुकानांत विकला जाणारा पुष्कळसा माल हा मुख्य दुकानात न खपलेला माल नसतोच. तो खास आउटलेटसाठी तयार केलेला असतो. दिसायला तसाच, पण कापड थोडे हलके, अस्तर नाही, चामड्याऐवजी दुसरे साहित्य, बटणे प्लास्टिकची, शिलाई साधी. ब्रूक्स ब्रदर्स या जुन्या अमेरिकी कंपनीची '३४६' नावाची मालिका आउटलेट दुकानांसाठी होती. गॅप आणि जे. क्रू या कंपन्यांची 'फॅक्टरी' दुकाने वेगळा माल ठेवतात. कोचची आउटलेट मालिका मूळ दुकानांपासून स्वतंत्र आहे. यात बेकायदा काही नाही. स्वस्त माल स्वस्तात विकणे हा गुन्हा नव्हे. पण जी वस्तू मुख्य दुकानात कधी ठेवलीच नाही, तिची 'मूळ किंमत' आली कोठून?

अमेरिकी लोकप्रतिनिधींनीही हा प्रश्न विचारला होता. जानेवारी २०१४ मध्ये शेल्डन व्हाइटहाउस, रिचर्ड ब्लुमेंथाल आणि एडवर्ड मार्की हे तीन सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाच्या सदस्य अॅना एशू यांनी फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून आउटलेट दुकानांच्या विक्रीपद्धतीची चौकशी करण्याची मागणी केली. आउटलेटमधील ८५ टक्क्यांहून अधिक माल खास तेवढ्यासाठीच बनवलेला असतो, असा एक अंदाज त्यांनी पत्रात दिला होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, मायकेल कोर्स कंपनीवरील सामूहिक दाव्यात सुमारे ४८ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड झाली. आउटलेटमधील वस्तूंवर छापलेली 'उत्पादकाने सुचवलेली किंमत' काल्पनिक आहे, असा ग्राहकांचा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही. मात्र चिठ्ठीवरील तो शब्द बदलून 'मूल्य' असा शब्द छापण्याचे आणि त्याचा अर्थ दुकानात फलक लावून सांगण्याचे कबूल केले. शब्द बदलला, गिऱ्हाइकाची नजर बदलली असे काही दिसत नाही.

म्हणून वरची किंमत वाचूच नये. खालची वाचावी आणि तिची तुलना अन्यत्र मिळणाऱ्या प्रत्यक्ष भावाशी करावी. टीजे मॅक्स, मार्शल्स, रॉस, बर्लिंग्टन ही सवलतीची दुकाने अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक उपनगरात असतात आणि नामांकित कंपन्यांचा उरलेला माल तीही विकतात. मेसीज्‌सारख्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये वर्षाचे बारा महिने कुठला ना कुठला सेल चालूच असतो. कोच, केट स्पेड, गॅप फॅक्टरी, जे. क्रू फॅक्टरी यांची आउटलेटची स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. आणि आपल्याकडची परिस्थितीही आता पंचवीस वर्षांपूर्वीची राहिलेली नाही. टॉमी हिलफिगर भारतात २००४ पासून विकले जाते. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये हंगाम संपताना लागणारे सेल पाहिले, तर डॉलरात घेतलेला शर्ट रुपयांत घेतलेल्या शर्टापेक्षा फारसा स्वस्त पडत नाही. तो शर्ट उलटून आतली पट्टी वाचली, तर तो बांगलादेश, व्हिएतनाम किंवा भारतातच शिवलेला निघण्याची शक्यता दांडगी.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. एडिसनहून दोघे जण वुडबरीला गेले आणि सहा कपडे मिळून ३०० डॉलरची खरेदी केली. जवळच्या सवलतीच्या दुकानाच्या तुलनेत प्रत्येक कपड्यामागे १२ डॉलर वाचले असे उदारपणे धरले, तर बचत झाली ७२ डॉलर. त्यातून पेट्रोल आणि टोलचे २० वजा करा, बाहेरच्या जेवणाचे ३० वजा करा आणि न्यू जर्सीत भरावाच लागला नसता असा सुमारे १२ डॉलरचा विक्रीकर वजा करा. उरले दहा डॉलर. डॉलरला ९० रुपये धरले तर ९०० रुपये, दोघांत मिळून, नऊ तासांचे.

शेवटचे ते १२ डॉलर कसले, हे जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण तिथेच पाहुण्यांची गल्लत होते.

कर राज्यागणिक, जिल्ह्यागणिक

आपल्याकडे वस्तूच्या छापील किमतीत कर समाविष्ट असतो. अमेरिकेत तो बिल करताना वर चढतो आणि प्रत्येक राज्याचा, इतकेच नव्हे तर प्रत्येक काउंटीचा दर निराळा असतो. न्यूयॉर्क राज्यात एका नगाची किंमत ११० डॉलरपेक्षा कमी असेल, तर कपडे आणि पादत्राणांवर राज्याचा चार टक्के कर माफ आहे. न्यूयॉर्क शहराने आपला स्थानिक करही अशा वस्तूंवर सोडून दिला आहे. म्हणजे मॅनहॅटनमध्ये ८० डॉलरचे बूट घेतले तर कर शून्य. वुडबरी कॉमन ज्या ऑरेंज काउंटीत येते, तिने मात्र आपला वाटा सोडलेला नाही. तिथे त्याच बुटांवर ४.१२५ टक्के कर लागतो. वस्तू ११० डॉलरची किंवा त्याहून महाग असेल, अथवा ती पर्स किंवा बॅग असेल, तर पूर्ण ८.१२५ टक्के.

आता नदीपलीकडचे न्यू जर्सी पाहा. तिथे कपडे आणि पादत्राणे यांवर विक्रीकरच नाही. किंमत कितीही असो. फरचे कपडे तेवढे अपवाद. पर्स, बॅगा वगैरे इतर वस्तूंवर राज्याचा दर ६.६२५ टक्के आहे. पण एलिझाबेथ हे शहर राज्याच्या नागरी उद्योग क्षेत्र योजनेत येते आणि तिथल्या पात्र दुकानांत हा दरही निम्मा, म्हणजे ३.३१२५ टक्के होतो. या एलिझाबेथमध्येच, नेवार्क विमानतळाला लागून, जर्सी गार्डन्स हा छताखालचा भलामोठा आउटलेट मॉल १९९९ पासून उभा आहे. एडिसनहून तो वीसेक मैल. मॅनहॅटनच्या पोर्ट अथॉरिटी बसस्थानकावरून तिथे थेट बस जाते. वुडबरीतल्या उंची इटालियन आणि फ्रेंच पेढ्या तिथे नाहीत. पण आपल्या लोकांच्या याद्यांत त्या कितपत असतात? बूट, जीन्स, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे, प्रवासी बॅगा हेच जर घ्यायचे असेल, तर एडिसन, इझलिन किंवा जर्सी सिटीत उतरलेल्या मराठी कुटुंबाने जर्सी गार्डन्स सोडून वुडबरीला का जावे, हे आम्हाला तरी समजलेले नाही. तिथे छप्पर आहे, बसायला जागा आहे आणि कंटाळा आला तर अर्ध्या तासात घर गाठता येते. सत्तरीतल्या माणसाला या तीन गोष्टी चाळीस टक्के सवलतीपेक्षा मोलाच्या वाटतात.

परदेशी पाहुण्याला विक्रीकर परत मिळतो, असाही एक समज आहे. तो अमेरिकेच्या बाबतीत बहुतांशी चुकीचा आहे. हा कर राज्यांचा असल्यामुळे देशपातळीवर परताव्याची सोय नाही. लुइझियाना राज्याने अशी योजना पुष्कळ वर्षे चालवली, तीही २०२४ मध्ये बंद झाली. टेक्सासमध्ये काही दुकानांपुरती सोय आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत भरलेला कर भरला तो गेला.

वाटेवर असेल तर

एवढे वाचून आउटलेट मॉलकडे फिरकूच नये असे कोणी समजू नये. काही माल तिथे खरोखर स्वस्त आणि चांगला मिळतो. खेळाचे बूट बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी नवे मॉडेल आणतात आणि गेल्या वर्षीचे आउटलेटला पाठवतात. त्या बुटात वर्षभराने काहीही बिघडलेले नसते. प्रवासी बॅगा, लहान मुलांचे कपडे, ओतीव लोखंडाची भांडी यांचेही तसेच. अतिशय महागड्या पेढ्यांचा हंगाम संपलेला अस्सल माल वुडबरीसारख्या ठिकाणी उतरतो आणि ज्याला तो घ्यायचाच आहे त्याची बचत हजारो डॉलरांत होऊ शकते. ज्याच्या पायाचे माप नेहमीचे नाही, त्याला एवढी जोड्यांची रांग मुंबईत मिळणार नाही. प्रश्न जावे की न जावे असा नसून त्यासाठी निराळा दिवस मोडावा का, असा आहे. वाट वाकडी न करता मॉल वाटेतच येत असेल, तर हिशेब पार बदलतो.

आणि तो वाटेत येतो, हीच तर गंमत आहे. न्यू जर्सीहून नायगाराला जाणारे पुष्कळ जण ८० क्रमांकाचा महामार्ग धरून पेनसिल्व्हानियात शिरतात. पोकोनो डोंगराच्या भागात टॅनर्सव्हिल हे गाव लागते आणि महामार्गाला चिकटूनच क्रॉसिंग्ज प्रीमियम आउटलेट्स आहे. पेनसिल्व्हानियातही रोजच्या वापराच्या कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही. सात तासांच्या प्रवासात कुठे तरी थांबावेच लागते. पेट्रोल पंपाऐवजी इथे थांबावे. ज्यांचा रस्ता उत्तरेकडून न्यूयॉर्क थ्रूवेने जातो, त्यांना वुडबरी कॉमन वाटेतच आहे. त्यांनी तिथे दोन तास जरूर घालवावेत. खुद्द नायगारा गावातही, धबधब्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर, एक आउटलेट मॉल आहे. आमिश लोकांची शेती पाहायला लँकेस्टरला किंवा मुलांना घेऊन चॉकलेटच्या हर्शीला जाणाऱ्यांनाही आउटलेट शोधत हिंडावे लागत नाही. लास वेगास आणि ऑरलँडोत तर ती पर्यटनस्थळांच्या शेजारीच आहेत.

इंग्लंडमधले बिस्टर व्हिलेज हे याच जातीचे पण अधिक नटवे ठिकाण. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या आउटलेटसाठी २०१५ मध्ये त्याच्याच नावाचे रेल्वे स्थानक झाले आणि लंडनच्या मेरिलबोन स्थानकातून सुमारे पन्नास मिनिटांत गाडी थेट दारात सोडते. भारतीय पर्यटकांच्या सहलपत्रकांत ते अजूनही हटकून दिसते. मात्र इथे एक गोष्ट बदलली आहे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत परदेशी पाहुण्यांना ब्रिटनमधील खरेदीवरचा मूल्यवर्धित कर परत मागता येत असे. २० टक्के दराच्या या कराचा बराचसा भाग विमानतळावर हातात पडे आणि खरेदीचे अर्धे गणित त्यावरच उभे असे. २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये दुकानातून माल हातात घेऊन जाणाऱ्या पर्यटकाला ही सवलत नाही. जुन्या अनुभवावर विसंबून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. खास बिस्टरसाठी लंडनचा एक दिवस खर्ची घालावा असे आता वाटत नाही. पण मेरिलबोनहून ऑक्सफर्डला जाणारी गाडी बिस्टर व्हिलेजवरूनच जाते. ऑक्सफर्डची महाविद्यालये आणि बॉडलियन ग्रंथालय पाहून परतताना संध्याकाळी तासभर उतरायचे असेल, तर अवश्य उतरावे.

पॅरिसचेही असेच. ला व्हॅले व्हिलेज हे आउटलेट डिस्नेलँडच्या अलीकडच्या, व्हाल द्युरोप स्थानकाजवळ आहे. नातवंडांसह डिस्नेलँडला जाणाऱ्या आजीआजोबांपैकी ज्याला पाळण्यांत बसायचे नाही, त्याची तिथे सोय होते. फ्रान्समध्ये कराचा परतावा अजून मिळतो. त्यासाठी एका दुकानातील खरेदी शंभर युरोच्या वर असावी लागते. २० टक्के दर असला तरी मध्यस्थ कंपनीचे शुल्क वगैरे जाऊन हातात १२ टक्क्यांच्या आसपास पडतात. इटलीने ही किमान मर्यादा २०२४ मध्ये सुमारे १५५ युरोंवरून ७० युरोंवर आणली, त्यामुळे मिलान-जेनोआ रस्त्यावरील सेराव्हाले आउटलेटमध्ये छोट्या खरेदीवरही परतावा घेता येतो. हे शिक्के युरोपीय संघ सोडताना अखेरच्या ठिकाणी घ्यायचे असतात. पॅरिसहून लंडनला जाऊन मग मुंबईची विमानफेरी पकडणाऱ्यांनी ते पॅरिसला गाडीत बसण्यापूर्वीच उरकावेत, कारण ब्रिटन आता संघात नाही आणि हीथ्रोवर ते मिळणार नाहीत.

परत निघताना

खरेदीचे पैसे दुकानात देऊन संपत नाहीत. भारतीय बँकेचे क्रेडिट कार्ड परदेशात वापरले, तर बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के जादा आकार लागतो आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. तिकिटात दोन बॅगांची मुभा असेल आणि तिसरी घ्यावी लागली, तर तिचे शुल्क आतल्या कपड्यांच्या किमतीच्या घरात जाऊ शकते. बॅगा स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या आणि त्या भरायच्या म्हणून कपडे घेतले, असा उलटा क्रमही आम्ही पाहिला आहे. मुंबईत उतरल्यावर सीमाशुल्काचा दरवाजा असतो. २०१६ च्या नियमांत शुल्काविना आणायच्या सामानाची मर्यादा माणशी ५० हजार रुपये ठरली होती. या मर्यादा सरकार अधूनमधून बदलते. निघण्यापूर्वी चालू आकडा सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. नवराबायकोला आपापल्या मर्यादा एकत्र करून एकच महाग पर्स आणता येत नाही, हे पुष्कळांना विमानतळावरच कळते. सवलतीच्या वस्तूची पावती जपून ठेवावी, नाही तर चिठ्ठीवरची ती काट मारलेली मोठी किंमत नेमकी तिथे आडवी येते.

आणखी एक अडचण बदलून घेण्याची. आउटलेटमधला माल त्याच कंपनीच्या मुख्य दुकानात बरेचदा परत घेतला जात नाही. आउटलेटलाच जावे लागते. ठाण्याला आल्यावर भाच्याला टी-शर्ट घट्ट झाला, तर तो दुसऱ्या भाच्याला द्यायचा, इतकाच उपाय उरतो. त्यामुळे मापे आधी लिहून न्यावीत. घरची यादी आणि वस्तूचा भारतातला चालू भाव मोबाइलवर टिपून नेल्यास उत्तम.

जायचेच असेल तर दिवस कोणता, हेही पाहावे. आपल्याकडचे आईवडील बहुधा मे ते ऑक्टोबर या काळात अमेरिकेत असतात. मेचा शेवटचा सोमवार, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार या सुट्यांच्या आसपास आउटलेटमध्ये सवलतीवर सवलत लागते. गर्दीही तेवढीच लोटते. नोव्हेंबरमधला थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार वयस्कर मंडळींनी टाळलेलाच बरा. मंगळवार-बुधवारची सकाळ सर्वांत शांत, पण त्या दिवशी गाडी चालवणारा मुलगा कचेरीत असतो.

बहिणीकडच्या त्याच मुक्कामात पुढे नायगाराची सहल झाली. टॅनर्सव्हिलला गाडी थांबली ती डबा खाण्यासाठी. आईने मॉलच्या दारातूनच परतायचे ठरवले होते. वडील मात्र आपण होऊन बुटांच्या दुकानात शिरले आणि वीस मिनिटांत गेल्या हंगामातला एक रुंद पंजाचा जोड घेऊन बाहेर आले. त्यावर कर लागला नाही. संध्याकाळी तोच घालून ते धबधब्याच्या कठड्याशी उभे होते.